बाटलीशिवाय शांपू नाही

अक्कांच्या दुकानात शांपू मागून मिळायचा नाही. मंजूर व्हावा लागायचा.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधोमध, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं ते दुकान. बाकीचे दुकानदार शांपूच्या पुड्यांच्या माळा कंपनीप्रमाणे टांगतात. अक्कांनी त्या पाण्याप्रमाणे टांगल्या होत्या. तीन दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीला वहीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा. बोअर. टँकर. नळ. गल्ल्याच्या वर चौथा पुठ्ठा होता, त्यावर जाड मार्करनं लिहिलेलं: बाटलीशिवाय शांपू नाही.

बाटली म्हणजे तुम्ही ज्या पाण्यानं न्हाता त्या पाण्याची बाटली. ती घेऊन जायची. अक्का तिच्यात किसलेल्या साबणाची चिमूट टाकायच्या, बूच लावून दहा वेळा हलवायच्या आणि दाराच्या उजेडात धरायच्या. फेस गळ्यापर्यंत चढला तर पाणी हलकं. फेस न येता वर दह्यासारखा थर तरंगला तर जड. मग त्या फणी मागायच्या. केस नव्हे, फणी. फणीत अडकलेला केस दोन बोटांत ताणून बघायच्या आणि त्यानंतर कुठे हात वर जायचा, दोरीकडे.

"केस आरशाम्होरं खोटं बोलतेत," त्या म्हणायच्या. "फणीत आलं की खरं बोलतेत."

आता मला सांगा, मेडिकलला लागण्यासाठी घरदार सोडून आलेल्या पोरी, दोन क्लासच्या मधल्या पंधरा मिनिटांत हातात पाण्याची बाटली आणि फणी घेऊन रांगेत उभ्या आहेत, असं दृश्य जगात दुसरीकडे कुठे असेल? मी त्या रांगेत दोन वर्षं उभी राहिले. आज ती गल्ली आठवली की मला क्लास आठवत नाहीत, टेस्टचे मार्क आठवत नाहीत. दारात उन्हाकडे तोंड करून बाटली धरलेल्या अक्का आठवतात.

उंचीनं लहान, अंगानं भरलेल्या, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, कपाळाला विभूती. माहेर उदगीरकडचं. शांत असल्या की मराठी, चिडल्या की कानडी. प्रत्येक मुलीला "अव्वा" म्हणायच्या आणि प्रत्येक पुरुषाला "सर", मग तो खरोखरचा सर असो की रिक्षावाला. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, त्यामुळे त्यांचे स्वतःचे केस कसे आहेत हा गल्लीतला कायमचा विषय होता. एकदा एकीनं धीर करून विचारलं, "अक्का, तुम्ही कुठला शांपू लावता?"

"मी? मी साबण लावते. लाल."

"मग आम्हाला का शांपू विकता?"

"मी बोअरच्या पाण्यात वाढली. माझं व्हायचं ते झालं. तुमचं व्हायचंय अजून."

गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्यांना काही वाटत नसे. गल्लीतले एक फिजिक्सचे सर, ज्यांच्या डोक्यावर फक्त कानांच्या बाजूला काय ते उरलं होतं, जाहिरात पाहून केस उगवणारा शांपू मागायला आले. अक्कांनी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. "सर, शेत राहिलं न्हाई तर खत कुटं टाकू?" सर बिचारे हसले आणि पेन घेऊन गेले.

आणि त्या मायलेकी. आई तावातावानं आली, मागे कुरळ्या केसांची, मान खाली घातलेली मुलगी. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. आईला केस "सरळ आणि रेशमी" करणारं काहीतरी हवं होतं, जाहिरातीतल्या बाईसारखं.

"पाहुणे केस बघायला येतेत की लेकीला?" अक्कांनी विचारलं.

"तसं नाही हो, पण जरा बरं दिसतं."

"जाहिरातीतली बाई आपल्या बोअरच्या पाण्यानं न्हाती का? न्हाती तर ती पण अशीच दिसली असती." मग आईला सोडून त्या लेकीशी बोलायला लागल्या. "हे बघ अव्वा. कुरळे केस तहानलेले असतेत. टाळूचं तेल वळणा-वळणातून शेंड्यापर्यंत पोचत न्हाई. तू आठवड्यात एकदाच शांपू लाव, ते बी टाळूला. कंडिशनर मातर सढळ हातानं, खालच्या अर्ध्याला. केस ओले हायत तवरच मोठ्या दाताच्या फणीनं सोडव. वाळल्यावर फणी घातलीस की झाडू व्हतोय." मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. आईनं सरळ-रेशमीवाली बाटली पुन्हा मागितली. अक्कांनी ती फळीवर उलटी करून ठेवली. त्यांच्या दुकानात त्याचा अर्थ विषय संपला असा होता.

त्यांचं शास्त्र त्यांच्याच शब्दांत होतं. टाळू तेलकट आणि शेंडे कोरडे असले की "दोन्हीकडचे केस". अशांनी शांपू मुळाला लावायचा, कंडिशनर शेंड्याला, आणि मधल्या केसाला त्रास द्यायचा नाही. पातळ केसाला जड कंडिशनर म्हणजे "काडीवर वली गोधडी". दुधासारखा दिसणारा घट्ट शांपू हलक्या पाण्याला आणि राठ केसाला; आरपार दिसणारा, पातळ शांपू जड पाण्याला. बोअरवाल्यांनी शेवटचा तांब्या पिण्याच्या जारमधला घ्यायचा, त्यात लिंबाचे चार थेंब. आणि सगळ्याच्या आधी, सगळ्याच्या वर एकच गोष्ट: "पहिलं पाणी. मग टाळू. मग केस. पुडी सगळ्यात शेवटी."

कंपन्या हा क्रम उलटा शिकवतात. हा माझा आरोप आहे आणि तो मी आजही मागे घेणार नाही. पुडीवर केसांचे प्रकार छापतात, पाण्याचा प्रकार कोण छापतं? ज्या गावात नळ किती दिवसांनी येईल हे नगरसेवकालाही सांगता येत नाही, त्या गावातल्या पोरीला तुम्ही "तुमचे केस ओळखा" म्हणता? तिला आधी तिच्या टाकीत काय आहे ते ओळखू द्या.

पण थांबते. हे सगळं मला तेव्हा कळत होतं असं दाखवणं खोटेपणाचं होईल. मी अक्कांचं जे केलं, ते सांगायला बसले आहे.

मी नांदेडची. आमचं घर विष्णुपुरीला, धरणाच्या अलीकडे. बारावीपासूनच मी एका विद्यार्थी संघटनेत होते आणि पत्रकं लिहिण्यात माझा हात चालायचा. लातूरला आल्यावर आठ दिवसांत मी फीवाढीवर एक आणि मेसच्या डाळीवर एक अशी दोन पत्रकं काढली होती. तिसऱ्याच्या शोधात असताना मी अक्कांच्या दुकानात गेले. कंडिशनरसकट शांपूच्या चार पुड्या मागितल्या.

"पाणी कुठलं?" अक्कांनी विचारलं.

आमच्या घरात पाण्याबद्दल कोणी विचारलं की कान टवकारतात. आजोबांच्या पिढीला पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. मी अक्कांच्या गळ्यातली डबी पाहिली आणि माझा पारा चढला.

"नळाचं," मी म्हटलं. "का?"

"कुटं राहतीस?"

मी होस्टेलचं नाव सांगितलं. दारावर मोठा बोर्डच होता, चोवीस तास नळाचे पाणी.

"बोर्डाचं सांगू नको. बाटली आण."

मग मी भाषण दिलं. ग्राहकाचे हक्क, मुलींचा खासगीपणा, आंघोळीच्या पाण्याची चौकशी करण्याचा अधिकार दुकानदाराला कोणी दिला, असं सगळं. मागची रांग ऐकत होती. दोन पोरींनी टाळ्याही वाजवल्या. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवणाऱ्या पोरींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तोंड हाय का लाऊडस्पीकर. घे बाई," आणि नळाच्या दोरीवरून चार पुड्या तोडून दिल्या. दुधासारखा घट्ट शांपू.

त्यांनी बाटलीशिवाय शांपू दिल्याची ती पहिलीच वेळ. मी विजयी होऊन परतले. माझं बघून आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरींनी तसंच केलं: "नळाचं" म्हणून सांगायचं आणि माझं नाव घ्यायचं. दर वेळी कटकट नको म्हणून अक्कांनीही त्यांना दिलं असावं.

दोन महिन्यांत आमच्या मजल्यावर न्हाणीघराची जाळी रोज तुंबायला लागली. केस धुतल्यावरही चिकट, वाळले की राठ. फणी घातली की मधेच तुटायचे. एकीची वेणी निम्म्यावर आली, ती रात्रीच्या अभ्यासाला ओढणी डोक्यावर बांधून बसायची. टेस्टमध्ये मार्क कमी पडले त्यापेक्षा ती वेणीसाठी जास्त रडली. मला संताप आला. आणि मला संताप आला की मी काय करायचे ते तुम्हाला माहीत झालंच आहे.

पत्रकाचा मथळा होता, "विद्यार्थिनींच्या डोक्यावर बनावट शांपूचा बाजार." दुकानाचं नाव घातलं नव्हतं. "क्लासेसच्या गल्लीत दोऱ्यांवर पुड्या टांगून मुलींच्या आंघोळीची चौकशी करणारे दुकान" एवढंच लिहिलं. एवढं पुरेसं होतं. शेवटी बहिष्काराची हाक दिली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना उभं राहून मी स्वतः वाटलं.

ते फार चांगलं पत्रक होतं. एकही वाक्य ढिलं नव्हतं. फक्त खरं नव्हतं.

रांग संपली. तीन दिवसांत संपली. झेरॉक्सवाल्याकडेच शांपूच्या माळा लटकल्या, कंपनीप्रमाणे. अक्का काउंटरमागे बसून राहायच्या, हातात फडकं, बाटल्या पुसत. मी समोरून जायचे तेव्हा मान ताठ ठेवायचे. त्यांच्याकडून शिवी नाही, कानडी नाही. पुड्या काय, कोणीही विकतं. त्या बाईकडे विकायला स्वतःचा असा एकच माल होता: तिचा शब्द. तो मी गल्लीभर वाटून टाकला होता.

दिवाळीला घरी गेले. बॅगेत अक्कांकडची एक पुडी उरली होती. न्हायला बसले, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तीच फोडली. केस वाळवायला गच्चीवर गेले आणि फणी घातली. फणी वरून खाली आली. कुठेही न अडता. मी पुन्हा घातली. आई खालून म्हणाली, "काय गं, किती वेळ?" मी तिथेच बसून राहिले. पुडी तीच. दुकान तेच, डोकं तेच. इथे गोदावरीचं पाणी होतं.

लातूरला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे होस्टेलच्या न्हाणीघरात एक बाटली भरली. ती घेऊन अक्कांकडे गेले. दुकानात कोणी नव्हतं. माझं पत्रक काउंटरच्या काचेखाली होतं, नीट सपाट करून ठेवलेलं.

मी बाटली पुढे केली. त्यांनी साबण टाकला, दहा वेळा हलवली, उजेडात धरली. फेसाचा थेंब नाही. वर पांढरा थर.

"बोअर," त्या म्हणाल्या. "लई जड. मालक खोटं बोलून राहिला तुमचा. लातुरात चोवीस तास नळ? पोरी, तुला तरी समजायला पायजे होतं."

"अक्का, माझं चुकलं. मला वाटलं, तुम्ही पाणी विचारता म्हणजे जात विचारता."

त्यांनी बाटली काउंटरवर ठेवली. "मग तवाच तोंडावर विचारायचं होतंस. एवढं बोललीस, तेवढंच न्हाई बोललीस." मग काचेवर बोट ठेवलं. "पत्रक चांगलं लिहितीस. मी चारदा वाचलं. पण चुकीच्या दारावर नेऊन चिकटवलंस."

"मी माफी मागते."

"मला एकटीला? तू चारचौघांत बोललीस की. चारचौघांत माग. एवढाच कागद, एवढीच अक्षरं. आणि माझी बी चूक लिही त्यात."

"तुमची कुठली?"

"बाटलीशिवाय दिलं. तुझ्या तोंडाला भ्याली."

संघटनेत मी हे सांगितलं तेव्हा आमचे जिल्हाध्यक्ष म्हणाले, "कॉम्रेड, चळवळ माफी मागत नसते. विषय हळूच पाण्याकडे वळव, दुकानाचं नाव काढू नको." मला हे वाक्य आजही झोंबतं, कारण महिनाभर आधी मीही हेच म्हटलं असतं. मी त्यांना म्हटलं, "बदनामी करताना चळवळ हळू बोलली नव्हती." आणि पत्रक माझ्या पैशानं छापलं. वर मथळा: "मी खोटं लिहिलं." खाली माझं नाव. बनावट शांपू नव्हता, पाणी जड होतं, मी बाटली नेली नाही. होस्टेलच्या बोर्डाबद्दलही लिहिलं. सगळ्यात खाली अक्कांची चूक, त्यांच्याच शब्दांत.

पण एक गोष्ट पत्रकं लिहिणाऱ्यांना कोणी शिकवत नाही. आरोप लोक उभ्याउभ्या वाचतात. माफीचा कागद घडी घालून वहीत ठेवतात, किंवा त्यावर वडापाव खातात. दोन दिवस मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते आणि रांगेत एक पोरगी वाढली नाही.

तिसऱ्या दिवशी अक्का स्वतः दुकानाबाहेर आल्या. हातात माझी बाटली, तो थर तसाच तरंगत असलेला, आणि साबणाची डबी. "वाचून कोण शहाणं झालंय," म्हणाल्या. "दाखव." मी स्टुलावर बाटल्या मांडल्या. एकीत जारचं पाणी, एकीत टँकरचं, एकीत आमच्या होस्टेलचं. साबण टाकायचे, हलवायचे, उंच धरायचे. जारच्या बाटलीत फेस बुचापर्यंत चढायचा. आमच्या बाटलीत दही. पहिल्यांदा ती अर्ध्या वेणीची मैत्रीण थांबली. मग तिच्यामागच्या. दुसऱ्या दिवशी पोरी आपापल्या होस्टेलच्या बाटल्या घेऊन आल्या, आणि कुणाचा मालक किती खरं बोलतो ते गल्लीनं उन्हात पाहिलं.

आमच्या मालकानं बोर्ड उतरवला आणि मलाही. खोली आठ दिवसांत रिकामी करावी लागली. त्याचं मला काही वाटलं नाही, एका कागदामागे एक खोली, हिशोब बरा होता. अक्कांची रांग मात्र एकदम परत आली नाही. आधी चार, मग सात. परीक्षेपर्यंत ती झेरॉक्सच्या दारापर्यंत गेली आणि झेरॉक्सवाल्यानं माळा उतरवल्या.

माझ्याशी त्या नीट बोलायच्या. माझे पातळ केस बघून आरपार शांपू ठरवून दिला, कंडिशनर फक्त शेंड्याला, बोटाच्या पेराएवढा. कधी शेंगदाण्याची चटणी डब्यात घालून द्यायच्या. पण एका बाबतीत त्यांनी मला सोडलं नाही. बाकीच्या पोरींची बाटली एकदा तपासली की झालं, पुढं नुसतं "बोअर" म्हटलं की पुडी मिळायची. माझी बाटली दर वेळी. नव्या खोलीचं पाणी त्यांना पाठ झालं होतं, तरी दर वेळी.

"अक्का, तेच पाणी आहे."

"असंल."

"मागच्या बुधवारीच बघितलंत."

"तुझ्या तोंडावर माझा भरवसा न्हाई, अव्वा. बाटली आण."

हे त्या रागानं म्हणत नसत. पाऊस येईल म्हणावं तसं म्हणायच्या. आणि मी जायचे, भरून आणायचे, रांगेच्या शेवटी उभी राहायचे. डॉक्टर मी झाले नाही. आता नांदेडला होस्टेलच्या मुलींच्या पाण्यावर काम करते, पत्रकं अजून लिहिते. छापायला देण्याआधी मी स्वतःला एकच विचारते, बाटली आणलीस का?

यंदा कळलं की अक्का दुकान आवरून उदगीरला लेकीकडे कायमच्या जाणार आहेत. मी सकाळची एसटी धरली. पिशवीत सवयीनं घरच्या नळाची बाटली भरून घेतली होती.

गल्लीत आता मोबाइलच्या कव्हरांची दुकानं जास्त. अक्कांच्या फळ्या रिकाम्या झालेल्या, पण तीन दोऱ्या तशाच, प्रत्येकीवर थोड्या पुड्या. त्या स्टुलावर बसल्या होत्या. डोळ्याला जाड भिंगं आली आहेत. मी दारात उभी राहिले तेव्हा हात आडवा धरून बघितलं.

"कोण? पत्रकवाली?"

"हाव, अक्का."

"केस कापलीस."

"सोपं पडतं."

"बरं केलीस. पातळच होते." मग दोऱ्यांकडे हात करून म्हणाल्या, "आलीस तर घेऊन जा काय तरी. आता कोण न्हाणार हाय ह्या पुड्यांनी. पाणी कुठलं सध्या?"

"विष्णुपुरीचं. घरीच असते." मी पिशवीत हात घातला आणि बाटली बाहेर काढली.

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "सांगितलीस की."

भिंतीला हात टेकून त्या उठल्या आणि नळाच्या दोरीवरची उरलेली अख्खी माळ काढून माझ्या हातात दिली.

परतीच्या एसटीत ती बाटली माझ्या मांडीवर होती, काठोकाठ भरलेली, बूच न उघडलेलं.